‘नुसती वाफ’ : एका समजुतीचा चारशे वर्षांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातील एका शाळेचे विज्ञान शिक्षक आमच्याकडे एक वस्तू घेऊन आले. बोटभर लांबीची, एका टोकाला चपटी, वरून चकचकीत. प्रथमदर्शनी आम्हाला ती संगणकाला लावायची काहीतरी कळ वाटली. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात ती सापडली होती. सर म्हणाले, “मुलाला विचारलं तर म्हणतो, सर, ह्यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे. तो खोटं बोलतोय की खरं, तेच मला नक्की ठाऊक नाही. मग रागवू तरी कशाच्या जोरावर?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले, की मुलाचे ते वाक्य काही नवे नाही. ते निदान चारशे वर्षे जुने आहे, आणि आपल्या देशातली त्याची पहिली सविस्तर नोंद कोल्हापूरच्या शेजारचीच आहे. म्हणून हा लेख.

आधी वस्तूविषयी. हिला ई-सिगारेट म्हणतात. आत लिथियमची छोटी बॅटरी, धातूच्या तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि वातीत मुरलेले द्रावण असते. तोंडाने ओढले की बॅटरी चालू होते, वेटोळे तापते आणि द्रावण हवेत उडते. द्रावणात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फळांचे वास देणारी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. सरांनी आणलेल्या नळीला आंब्याचा वास होता आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ५ टक्के निकोटीन असे छापले होते. म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघाने घातलेली मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. एक पूर्ण सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या इवल्याशा नळीत काय साठवले आहे याचा अंदाज येतो. तेव्हा ‘तंबाखू नाही’ हे मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते, पण हे निकोटीन बहुतेक वेळा तंबाखूच्या पानातूनच काढलेले असते.

‘वाफ’ हा शब्दही फसवा आहे. इंग्रजीत या ओढण्याला ‘व्हेप’ म्हणतात, तो शब्द आपल्या कानाला ‘वाफ’सारखाच लागतो. खरे तर आपली वाफ संस्कृत ‘बाष्पा’पासून आली आणि त्यांचा शब्द लॅटिनमधून, दोघांचे काही नाते नाही. पण मराठी घरात वाफ म्हटले की सर्दी झाल्यावर आजीने दिलेला वाफारा आठवतो, इडलीचे भांडे आठवते. वाफ निरुपद्रवी, किंबहुना औषधीच. प्रत्यक्षात नळीतून येते ती वाफ नव्हेच. उडालेले द्रावण थंड हवेत लगेच निवते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब तयार होतात. धुके म्हणा किंवा फवारा म्हणा. यातले पुष्कळसे थेंब एक मायक्रॉनपेक्षाही लहान असल्याने ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात.

आता इतिहासाकडे वळू. कोल्हापूरच्या पूर्वेला विजापूर. सतराव्या शतकाच्या आरंभी पन्हाळ्यासह आपला हा मुलूख आदिलशाहीत होता आणि गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. अकबराचा एक दरबारी, असद बेग, वकिलात घेऊन विजापूरला आला. परत जाताना, १६०४-०५ च्या सुमारास, त्याने तिथून एक नवलाची वस्तू बरोबर नेली: तंबाखू. अमेरिकेतले हे रोप पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि घाट चढून दख्खनमध्ये रुळले, असे मानले जाते. विजापुरात ती सर्रास मिळत होती, पण उत्तरेत असद बेगने ती पाहिली नव्हती. त्याने रत्ने जडवलेली, मीनाकाम केलेली एक लांब नळी तयार करवली आणि ती तंबाखूसह बादशहापुढे ठेवली.

पुढचा प्रसंग असद बेगने स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि आमच्या मते प्रत्येक विज्ञान शिक्षकाने तो वर्गात सांगण्याजोगा आहे. बादशहाने कुतूहलाने विचारले, हे काय? एका सरदाराने सांगितले, की ही मक्का-मदिनेत प्रसिद्ध असलेली वस्तू आहे आणि ती औषध म्हणून आणली आहे. अकबराने नळी तोंडाला लावली. त्याचा हकीम अस्वस्थ झाला, नको म्हणाला. बादशहाने असद बेगचे मन राखण्यापुरते दोनतीन झुरके घेतले. मग जाणकाराला बोलावले गेले. तो म्हणाला, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, पण युरोपातल्या वैद्यांनी याची फार स्तुती केली आहे. हकिमाने आपला मुद्दा सोडला नाही. हे न पारखलेले औषध आहे, ज्याचे गुणधर्म आम्हालाच माहीत नाहीत ते बादशहांना कसे देऊ, असा त्याचा सवाल होता. असद बेगचे उत्तर मोठे चलाख होते. युरोपीय लोक काय मूर्ख आहेत? आणि जगातली प्रत्येक चालीरीत कधी ना कधी नवीच होती ना? वापरून पाहण्याआधी वाईट तरी कसे ठरवता?

वाद बादशहाला आवडला. असद बेगने सरदारांना थोडी थोडी तंबाखू पाठवली, सगळ्यांनी आणखी मागितली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली आणि ओढण्याची चाल झपाट्याने पसरली.

चारशे वर्षांपूर्वीच्या या संवादात आजचे सगळे युक्तिवाद हजर आहेत. हे औषध आहे, पुढारलेल्या देशांत चालते, नव्याला उगाच घाबरू नये, अपाय सिद्ध झालेला नाही. हकीम काही तंबाखू वाईट आहे असे म्हणत नव्हता, हे मुद्दाम पाहावे. माहीत नाही, एवढेच तो म्हणत होता. आणि ‘माहीत नाही’ या उत्तराला दरबारात काय किंवा वर्गात काय, फारशी किंमत मिळत नाही.

बंदीही लवकरच आली. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून आयातकर जबर वाढवला होता. दोन्ही ठिकाणी लोक ओढतच राहिले आणि कराचे उत्पन्न मात्र राज्यांना गोड लागले.

हुक्क्याची एक गंमत सांगायला हवी. धूर पाण्यातून नेला की तो स्वच्छ होतो, ही युक्ती अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी याची, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. हा हकीम १५८९ मध्ये वारला, म्हणजे असद बेगची तंबाखू येण्याच्या पंधरा वर्षे आधी. तेव्हा या कथेतल्या सनावळ्या जुळत नाहीत. पण कथेतली कल्पना टिकली: गाळलेला धूर निर्धोक. पाण्याने धूर थंड होतो, घशाला कमी टोचतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तो जसाच्या तसा पुढे जातो. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आली, तोपर्यंत कॉलेजची मुले हीच पाण्याची कथा एकमेकांना ऐकवत होती.

आपल्या घरातले उदाहरण मशेरीचे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिने दात घासायचे. घासणाऱ्या बाईला आपण व्यसन करतो आहोत असे मुळीच वाटत नाही. हे तिच्या लेखी दंतमंजन असते. दाढ दुखायला लागली की शेजारीण सांगते, मशेरी लाव. सवय अशी औषधाच्या दाराने आत येते आणि मग दिवसातून तीनचार वेळा हात त्या डबीकडे जातो. भाजताना तंबाखूत बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. १९७० च्या आसपास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली, तेव्हा या सवयी किती खोल रुजल्या आहेत ते आकड्यांत दिसले. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये मनाई केली. घरच्या तव्यावर अर्थातच कोणताही कायदा पोहोचत नाही.

सिगारेटची कथा वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवरून संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचे तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाशी असलेले नाते प्रसिद्ध केले. म्हणजे हकिमाच्या ‘माहीत नाही’पासून ‘आता माहीत झाले’पर्यंत साडेतीनशे वर्षे गेली. कंपन्यांनी या संशोधनाला उत्तर दिले ते फिल्टरने. १९५२ मध्ये ‘केंट’ नावाची सिगारेट फिल्टर लावून, आरोग्याची काळजी घेणारी म्हणून बाजारात आली. त्या फिल्टरमध्ये निळा अॅस्बेस्टॉस होता! १९५६ पर्यंत तो तसाच वापरला गेला. पुढे ‘लाइट’ सिगारेटी आल्या. त्यांच्या फिल्टरला बारीक छिद्रे होती. यंत्राने मोजले की टार कमी भरे. माणूस मात्र यंत्र नसतो. तो छिद्रे बोटांनी झाकतो, खोल ओढतो, एक जास्त ओढतो आणि शरीराला हवे तेवढे निकोटीन मिळवतोच.

यात आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो विडीचा प्रवास. कोल्हापूरहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर निपाणी. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. एकेकाळी हंगामात एस. टी. गावात शिरली की नाकाला आधी कळायचे. या तंबाखूवर हजारो कुटुंबे जगली. भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि एप्रिल १९८१ मध्ये गोळीबारात बारा जण गेले. वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांविषयी अनिल अवचटांनी लिहिले, ते अनेक शिक्षकांनी वाचले असेल. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला तेव्हा विडी ही आपली, साधी, झाडाच्या पानाची म्हणून मान्यता पावली. ‘कागद जळत नाही, पानच जळतं’ असे म्हणणारे वडीलधारे आम्हीही ऐकले आहेत. वास्तविक टेंभुर्णीच्या पानाला सिगारेटच्या कागदासारखी सच्छिद्रता नसते. विडी विझू नये म्हणून झुरके पटापट आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही विडीच्या धुरातून टार, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त मिळते.

हीच भारतीय विडी १९९० च्या दशकात अमेरिकेला गेली. तिथे ती कशी विकली गेली? आंबा, चॉकलेट, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला अशा स्वादांत, ‘नैसर्गिक’ म्हणून. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शहरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ४० टक्के मुलांनी निदान एकदा विडी ओढली होती. कारणे विचारली असता चव चांगली लागते, स्वस्त पडते अशी उत्तरे आली आणि काहींनी ती सिगारेटपेक्षा सुरक्षित असल्याचे सांगितले. आपल्या बांधावरच्या म्हाताऱ्याची विडी बॉस्टनच्या पोराला निर्धोक वाटली, कारण ती दुरून आलेली, वेगळ्या दिसण्याची आणि गोड वासाची होती. वीस वर्षांनी त्याच आंब्याच्या वासाने उलटा प्रवास केला आणि परदेशी बनावटीची नळी कोल्हापूरच्या दप्तरात येऊन पडली. कारणे तीच. निकोटीन तेच.

धूर न करता निकोटीन देणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्येच मागितले होते. ते बाजारात आले नाही. आजची ई-सिगारेट चीनमधील हॉन लिक या औषधनिर्मात्याने २००३ मध्ये बनवली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि ती सुटावी हा हेतू होता. पुन्हा औषध! इथे मात्र हा दावा सरसकट खोटा नाही, हे शिक्षकांनी नीट समजून घ्यावे. सिगारेटमधली बहुतेक विषारी द्रव्ये जळण्यातून येतात आणि इथे जळणे नाही. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाला ती सोडण्यास या यंत्राने मदत होते, असा पुरावाही मिळाला आहे. ‘ई-सिगारेट विडीपेक्षा घातक’ असे निरोप शाळांच्या गटांवर फिरतात. ते चूक आहेत आणि ते मुलाला सांगितले तर तो पुढचे खरेही ऐकणार नाही. पण नववीतला मुलगा विडी सोडत नसतो. त्याने तुलना करायची ती विडीच्या धुराशी नव्हे, रंकाळ्यावरच्या सकाळच्या हवेशी.

त्याच्यासाठी धोका निकोटीनचा. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि या काळात लागलेले व्यसन अधिक घट्ट बसते. रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी इथे एक सुरेख धडा आहे. तंबाखू मळताना चुना का लावतात? निकोटीन हा अल्क आहे. चुन्याने माध्यम अल्कधर्मी झाले की ते मुक्त स्वरूपात येते आणि गालाच्या त्वचेतून चटकन शोषले जाते. आपल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फुप्फुसात ओढायचे तर मात्र मुक्त निकोटीन घशाला झोंबते, ठसका लागतो. ठसका हा नवशिक्याचा पहिला रखवालदार. साधारण २०१५ पासूनच्या ई-सिगारेटींमध्ये निकोटीनबरोबर बेंझॉइक आम्ल घालून त्याचा क्षार केला जातो. आम्ल वाढले, झोंबणे गेले, आणि ५ टक्क्यांचे द्रावणही अलगद आत जाऊ लागले. चुन्याच्या नेमके उलट रसायन वापरून रखवालदाराला झोपवले गेले. ‘जूल’ या अमेरिकी नळीने हेच केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जूल वापरणाऱ्या १५ ते २४ वयाच्या मुलांपैकी ६३ टक्क्यांना तिच्यात नेहमीच निकोटीन असते हे माहीत नव्हते. तिथल्या हायस्कूलमध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मधील सुमारे १२ टक्क्यांवरून २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. २०२४ पर्यंत ते ८ टक्क्यांच्या खाली आले.

स्वादांबद्दल एकच सांगतो. ‘खाण्यात चालते’ म्हणजे ‘श्वासात चालते’ असे नसते. लोण्याचा वास देणारे डायअॅसेटिल खाण्यात वापरतात. पण मिसूरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यातील कामगारांनी ते श्वासावाटे घेतले आणि त्यांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. ही गोष्ट २००० साली उघड झाली. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या एका आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्यतः गांजाचा अर्क घातलेल्या द्रावणांत मिसळलेले जीवनसत्त्व ‘ई’चे एक संयुग त्याला कारणीभूत ठरले. गोळीत आणि मलमात निर्धोक असलेली वस्तू फुप्फुसात जीवघेणी ठरली.

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या २.८ टक्के विद्यार्थ्यांनी ती कधीतरी ओढल्याचे सांगितले. इतर तंबाखू त्या वेळी वापरणारे विद्यार्थी होते ८.५ टक्के. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे प्रौढांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक लोक तंबाखू घेत होते, तीही बहुतेक चघळण्याची. या आकड्यांकडे पाहिले की आंब्याच्या वासाच्या नळीवर सगळा संताप खर्च करणे आम्हाला थोडे सोयीचे वाटते. नळी परक्याची आहे, पुडी आपली आहे.

सरांनी पुढच्या आठवड्यात नववीच्या त्या वर्गात असद बेगची गोष्ट सांगितली आणि पेल्यात चुन्याची निवळी घेऊन लिटमस बदलून दाखवला. एका मुलीने विचारले, “सर, नळीवर बंदी आहे, मग कोपऱ्यावरच्या टपरीत विडी, तंबाखू कशी मिळते?” सरांनी २००३ चा कायदा सांगितला: अठराच्या आतल्यांना विक्री नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नाही. मुलांनी टपरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. ते शंभर यार्डांपेक्षा कमी भरले, आणि मुलांच्या सह्यांचा अर्ज आता मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. ज्याच्या दप्तरात नळी सापडली त्या मुलाचा प्रश्न मात्र वेगळा होता. “बादशहाने नंतर ओढली का?” नाही. अकबराने तंबाखूची सवय लावून घेतली नाही. दरबाऱ्यांनी लावून घेतली.